टेस्ट किट म्हणतं पाणी ठीक आहे, तरी मासे पुन्हा पुन्हा का मरतात?

ही तक्रार नेहमी एकाच ठशाची असते. पाणी नितळ दिसतंय, टेस्ट केली, सगळे रंग ‘सुरक्षित’ रकान्यात आले, तरी दर काही आठवड्यांनी दोन-चार मासे मरतात. मग औषध पडतं. पांढऱ्या ठिपक्यांचं, बुरशीचं, नाहीतर कपाटात जे उरलेलं असेल ते. तीन दिवस बरं वाटतं आणि महिन्याभराने पुन्हा तेच.

माझ्या टाकीत हे जवळजवळ वर्षभर चाललं होतं. तीनशे लिटर पाणी आणि दहा-बारा गोल्डफिश. दर महिन्याला मोठी साफसफाई करायचो आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत एखादा मासा तळाशी आडवा सापडायचा. मी काढलेला अर्थ असा, की साफसफाई कमी पडते आहे. म्हणून ती आणखी कसून करू लागलो. कारण शेवटी त्या साफसफाईतच निघालं. ते कसं, हे अमोनियाच्या भागात सांगतो, कारण त्याचं गणित समजल्याशिवाय माझा मूर्खपणा नीट कळणार नाही.

आधी घड्याळ, मग किट

किट तुम्हाला बाटलीत घेतलेल्या पाण्याबद्दल सांगतं. मासा मेला तो वेगळ्या वेळी, बऱ्याचदा वेगळ्या पाण्यात. टाकी तीच असली तरी पहाटेचं पाणी आणि दुपारचं पाणी ही दोन निराळी पाणी असतात. त्यामुळे किट उघडण्याआधी कागद घ्या आणि मासे केव्हा मेले ते लिहा. हा कंटाळवाणा सल्ला आहे, पण माझ्या अनुभवात अर्धा तपास इथेच संपतो.

मासे पहाटे मरत असतील, तर पहिला संशय ऑक्सिजनवर. दुपारी उशिरा तडफडत असतील आणि पाणी हिरवं असेल, तर अमोनिया आणि सामू (पाण्याचा आम्लपणा सांगणारा पीएच) यांच्या जोडीवर. पाणी बदलल्यावर काही मिनिटांत किंवा तासांत धावाधाव सुरू झाली, तर नव्या पाण्यातल्या क्लोरीनवर किंवा सामूच्या उडीवर. वेळेला काहीच धरबंध नसेल आणि एका झटक्यात सगळे गेले, तर बाहेरून काहीतरी आत आलं आहे.

मग पाहा, आधी कोण मेलं. ऑक्सिजन कमी पडला की सहसा मोठे मासे आधी जातात आणि चिल्लीपिल्ली तग धरतात. विष असेल तर बहुतेक वेळा उलटं होतं, लहान आधी मरतात. गोगलगायी, झिंगे, पाण्यातले किडे यांच्याकडेही बघा. मासे गेले आणि पाण्यातले किडे मजेत पोहत असतील, तर कीटकनाशकाचा संशय खूप कमी होतो. किडे आणि झिंगे आधी मेले आणि मासे मागून गेले, तर तो संशय एकदम वर येतो. मासे तगलेत पण गोगलगायी मेल्या, तर तांब्याचा विचार करा.

आणि तिसरं, गेल्या तीन दिवसांत काय बदललं? पाऊस, फवारणी, नवा पाइप, नवं खाद्य, फिल्टर धुणं, ढगाळ हवा, नवे मासे. ‘काहीच नाही’ हे उत्तर जवळजवळ कधीच खरं नसतं.

सगळ्या विषांची लक्षणं सारखीच का दिसतात

मासा वर येऊन तोंड मारतोय, कल्ले जोरात हलतायत, खात नाही, कोपऱ्यात उभा राहतो. एवढ्यावरून कारण कुणीच सांगू शकत नाही, कारण बहुतेक सगळे मार्ग कल्ल्यांतून जातात. कल्ल्याच्या बारीक पापुद्र्यांत रक्त आणि पाणी यांच्यामध्ये जेमतेम काही मायक्रॉनचा पडदा असतो. गोड्या पाण्यातला मासा त्याच पडद्यातून श्वास घेतो, त्यातूनच अमोनिया बाहेर टाकतो आणि शरीराला लागणारे क्षारही त्यातूनच आत ओढतो. त्याला अमोनिया लागो, क्लोरीन लागो, साबण लागो की तांबं, कल्ल्याची प्रतिक्रिया साधारण एकच असते. तो सुजतो, चिकट स्राव सोडतो, पापुद्रे जाड होऊन एकमेकांना चिकटतात. पडदा जाड झाला की भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यातही मासा गुदमरतो.

असा मासा आठवडाभर तणावात राहिला की त्याची प्रतिकारशक्ती उतरते. मग पाण्यात एरवीही असणारे एरोमोनाससारखे जिवाणू किंवा सॅप्रोलेग्नियाची कापसासारखी बुरशी अंगावर चढते. आपल्याला दिसते ती बुरशी, म्हणून आपण बुरशीचं औषध टाकतो. त्यातलं फॉर्मालिन पाण्यातला ऑक्सिजनही खातं: साधारण दर ५ मिलिग्रॅम प्रति लिटर फॉर्मालिनमागे १ मिलिग्रॅम ऑक्सिजन जातो. काही प्रतिजैविकं फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतात. म्हणजे गुदमरणाऱ्या माशाचा श्वास आणखी आवळायचा आणि वर त्याची मोरीही तुंबवायची.

पहाटेचे मृत्यू

गार पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो. २० अंश सेल्सिअसला पाण्यात साधारण ९.१ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला सुमारे ७.५. गरम पाण्यात माशाची गरज मात्र वाढते. ऑक्सिजन ५ च्या वर राहिला तर बहुतेक मासे सुखात असतात, ३ च्या खाली गेला की त्रास सुरू.

हिरव्या तळ्यात दिवसा शेवाळ ऑक्सिजन बनवतं, रात्री तेच शेवाळ तो वापरतं. सूर्योदयाच्या थोडं आधी पातळी सगळ्यात खाली असते. तुम्ही सकाळी दहाला मोजता तेव्हा शेवाळाने उधारी फेडलेली असते आणि मीटर छान आकडा दाखवतो. सांडपाणी, उरलेलं खाद्य, सडणारी पानं आली की त्यांना कुजवणारे जिवाणूही ऑक्सिजन ओढतात. त्यात दोन-तीन ढगाळ दिवस आले की हिशोब तुटीत जातो. शेवाळ मारायचं औषध एकदम सगळ्या तळ्यात टाकलं तर पाणी स्वच्छ होतं आणि मेलेलं शेवाळ कुजताना मासे मरतात. हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. टाकायचंच असेल तर एका वेळी तळ्याचा थोडाच भाग.

तपासायची रीत सोपी आहे: पहाटे पाचला मोजा, दुपारी चारला मोजा. दोन आकड्यांत मोठी दरी असेल तर पाण्यात शेवाळ आणि सेंद्रिय भार जास्त झाला आहे. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा सोडणारा पंप, रात्री चालवा. वीज वाचवायला लोक तो नेमका रात्री बंद करतात.

जुन्या तळ्यात आणखी एक धोका तळाच्या काळ्या गाळात दडलेला असतो. गाळ ढवळला आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर तो हायड्रोजन सल्फाइड. तो अगदी सूक्ष्म प्रमाणातही माशांना मारतो आणि सामू खाली असेल तर जास्त घातक ठरतो. मासे आत असताना गाळ उपसू नका.

अमोनिया: एकच आकडा, तीन अर्थ

किट जो अमोनिया दाखवतं तो बहुधा एकूण अमोनिया असतो. त्यातला बराचसा भाग अमोनियमच्या रूपात असतो आणि तो तुलनेने निरुपद्रवी. कल्ल्यातून सहज आत शिरतो तो मुक्त अमोनिया. या दोघांचं प्रमाण सामू आणि तापमान ठरवतं. २५ अंशाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे ०.६ टक्का मुक्त असतो. सामू ८ ला तो साडेपाच टक्क्यांच्या आसपास जातो आणि ९ ला थेट ३६ टक्क्यांवर.

म्हणजे किटवर १ मिलिग्रॅम प्रति लिटर दिसलं, तर सामू ७ ला विषारी भाग ०.००६, सामू ८ ला ०.०५ आणि सामू ९ ला ०.३६. मुक्त अमोनिया ०.०२ च्या खाली ठेवावा असं साधारण मानतात. ०.०५ च्या पुढे कल्ल्यांना इजा व्हायला लागते. त्यामुळे ‘अमोनिया १ आहे, चालेल का?’ या प्रश्नाला सामू सांगितल्याशिवाय उत्तर नाही. हिरव्या तळ्यात शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड खेचत असतं, त्यामुळे सकाळी ७.५ असलेला सामू दुपारी ९ वर जाऊ शकतो. सकाळी निरुपद्रवी असलेला तोच अमोनिया दुपारी विष होतो आणि रात्रीत पुन्हा निवळतो.

आता माझी टाकी. मी महिनाभर पाणी बदलत नव्हतो. फिल्टरमधले जिवाणू अमोनिया पचवताना पाण्याची अल्कलिनिटी खातात, म्हणजे सामू धरून ठेवणारा साठा. तो संपला की सामू घसरतो. माझ्या टाकीत तो ६.२ पर्यंत उतरला होता. इतक्या आम्लात ते जिवाणूही जवळजवळ काम थांबवतात, त्यामुळे अमोनिया साठत गेला आणि किट ४ दाखवायला लागलं. तरी मासे ठीक होते, कारण त्या सामूला मुक्त अमोनिया होतो जेमतेम ०.००३६.

मग मी घाबरून अर्धं पाणी बदलायचो. नळाच्या पाण्याचा सामू जास्त, त्यामुळे टाकी ७.६ वर यायची. एकूण अमोनिया निम्मा होऊन २ व्हायचा आणि किटचा रंग आधीपेक्षा फिका दिसायचा. मी खूश. पण ७.६ ला २ पैकी मुक्त भाग होतो सुमारे ०.०४४, म्हणजे आधीच्या बारा पट. त्यात मी फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुवायचो, म्हणजे क्लोरीनने उरलेसुरले जिवाणूही मारायचो. दोन दिवसांनी मासा आडवा. किटकडे बोट दाखवून मी म्हणायचो, अमोनिया तर कमी झालाय, हे दुखणं वेगळंच काहीतरी आहे!

उपाय निघाला तो फारच साधा. आठवड्याला १५ ते २० टक्के पाणी बदलायचं आणि स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा. ज्यांची टाकी आधीच घसरलेल्या सामूवर आहे त्यांनी एकदम मोठा बदल करू नये. रोज १० टक्के बदला, खाद्य बंद ठेवा आणि सामू काही दिवसांत हळूहळू वर येऊ द्या. रोज दोन्ही आकडे एकत्र मोजा, सामू आणि अमोनिया. एकटा आकडा फसवतो.

रक्त तपकिरी, पाणी ठीक

नव्या टाकीत साधारण चार ते सहा आठवडे जिवाणूंची वस्ती बसायला लागतात. आधी अमोनिया चढतो, तो उतरायला लागला की जिवाणूंनी त्यातूनच बनवलेलं नायट्राइट चढतं. नायट्राइट कल्ल्यातून रक्तात जातं आणि हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करतं, ज्याला ऑक्सिजन वाहता येत नाही. नुकत्याच मेलेल्या माशाचे कल्ले लाल असण्याऐवजी चॉकलेटी दिसले तर जवळजवळ खात्री समजा.

इथे मीठ खरोखर कामाचं आहे. नायट्राइट आणि क्लोराइड कल्ल्यात एकाच दारातून आत येतात, त्यामुळे क्लोराइडची गर्दी केली की नायट्राइट बाहेर राहतं. नायट्राइटच्या दहा पट क्लोराइड ठेवावं, असा मत्स्यपालनातला रुळलेला हिशोब आहे. किट २ मिलिग्रॅम प्रति लिटर दाखवत असेल तर २० मिलिग्रॅम क्लोराइड हवं. मिठात क्लोराइड सुमारे ६० टक्के, म्हणजे १००० लिटरला साधारण ३३ ग्रॅम मीठ. काही किट नायट्राइटऐवजी नायट्राइट-नायट्रोजन मोजतात. तो आकडा आधी ३.३ ने गुणा. आणि फिल्टरमध्ये अमोनियासाठी झिओलाइट ठेवलं असेल तर मीठ टाकण्याआधी ते काढा. मिठामुळे झिओलाइट धरलेला अमोनिया परत पाण्यात सोडतं.

नळ, पाइप आणि बादली

क्लोरीन उघड्या भांड्यात, हवा सोडत ठेवलं तर एका दिवसात बरंचसं उडून जातं. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, तसं उडत नाही. सोडियम थायोसल्फेटने ते फुटतं, पण त्यातला अमोनिया पाण्यात उरतो. तुमच्या पाण्यात नेमकं काय घालतात हे पाणी पुरवणाऱ्यांना विचारा, ते सांगतात. क्लोरीनचे मृत्यू सिद्ध करणं अवघड, कारण तुम्ही मोजायला जाईपर्यंत ते गेलेलं असतं.

तांबं आणि जस्त पाइपांतून, गॅल्व्हनाइज्ड टाक्यांतून येतात. रात्रभर पाइपात थांबलेलं पहिलं पाणी सोडून द्या. मृदू पाण्यात तांबं फार जास्त घातक, जड पाण्यात कमी. कॅल्शियम कल्ल्यावरची जागा अडवून धरतं, कार्बोनेट तांब्याला बांधून ठेवतं. म्हणूनच तळ्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकणारे अल्कलिनिटीला १०० ने भागून मात्रा ठरवतात. अल्कलिनिटी ५० च्या खाली असेल तर मोरचूद टाकूच नका. साबणाचं म्हणाल तर टाकीची बादली वेगळी ठेवा, एवढंच.

फवारणी आणि मच्छरांचं औषध

पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माणसाला तुलनेने सौम्य, माशाला मात्र लिटरमागे काही मायक्रोग्रॅम पुरतात. मासा झटके देतो, गिरक्या घेतो, तोल जाऊन उलटा होतो. ऑर्गॅनोफॉस्फेट या दुसऱ्या गटातल्या कीटकनाशकांनी मज्जातंतूंचा संदेश थांबवणारं विकर (एन्झाइम) बंद पडतं. छातीचे पर पुढे ताणलेले आणि पाठीचा कणा वाकलेला, असा मासा दिसला तर फवारणीची तारीख शोधा.

बंद खोलीत मच्छर मारायचा स्प्रे मारला आणि एरेटर चालूच होता, तर तो पंप तीच हवा ओढून पाण्यात बुडबुडे सोडतो. टाकी झाकून आणि पंप बंद करून थोडा वेळ थांबायला हवं. कित्येकांच्या ‘अचानक’ मृत्यूंचं कारण हेच निघतं. तळ्यात पावसाच्या पहिल्या तासाचं पाणी बाहेरून आत येऊ देऊ नका.

रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्याचाही असाच इतिहास आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पाऊस पडला की ओढ्यांत चढलेले कोहो सॅमन अंडी घालण्याआधी काही तासांत मरायचे. २०२० च्या अखेरीस कारण जाहीर झालं: टायरमधल्या ६-पीपीडी या रसायनापासून ओझोनमुळे बनणारं एक संयुग. गंमत म्हणजे त्याच पाण्यात चम सॅमन तगतात. म्हणून ‘शेजारच्या टाकीत दुसऱ्या जातीचे मासे मजेत आहेत’ हा पाणी निर्दोष असल्याचा पुरावा धरू नका.

मरत नाहीत, पण वाढतही नाहीत

हा प्रकार सगळ्यात उशिरा लक्षात येतो. पिल्लं होत नाहीत, झाली तर कणा वाकडा. कॅनडात ऑन्टारिओतल्या एका प्रायोगिक तलावात २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजन लिटरमागे ५-६ नॅनोग्रॅम इतकंच सोडलं. नरांच्या शरीरात अंड्यातल्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं आणि फॅटहेड मिनो या लहान माशांची संख्या कोसळली. अमेरिकेतल्या बेल्यूज तलावात कोळशाच्या राखेतून सेलेनियम आलं. मोठे मासे धडधाकट दिसत होते, पण सेलेनियम आईकडून अंड्यात जात होतं. तिथल्या २० जातींपैकी १९ संपल्या. घरच्या किटने यातलं काहीही सापडत नाही. पाणी जिथून येतं तिथे वरच्या बाजूला काय आहे, हे चालत जाऊन पाहावं लागतं.

मासे आत्ता मरतायत, काय करू?

खाद्य बंद करा, हवा वाढवा. कारण काहीही असो, या दोन्हींनी नुकसान होत नाही. बाहेरून येणारं पाणी थांबवा. मग, काही बदलण्याआधी, दोन बाटल्या पाणी भरून घ्या: एक प्लास्टिकची, एक गडद काचेची, दोन्ही काठोकाठ, फ्रीजमध्ये ठेवा. काचेची कीटकनाशकाच्या तपासणीसाठी. सामू, तापमान, ऑक्सिजन तिथेच मोजा, प्रयोगशाळेत जाईपर्यंत ते बदलतात. त्यानंतरच पाणी बदला, आणि नव्या-जुन्याच्या सामूत मोठा फरक असेल तर थोडं थोडं.

तपासायला द्यायचा मासा मरणपंथाला लागलेला किंवा नुकताच मेलेला हवा, बर्फावर, गोठवलेला नको. कल्ले मेल्यानंतर फार लवकर कुजतात. सकाळी मेलेला मासा संध्याकाळी नेला तर सूज विषाची की सडण्याची, हे कुणालाच सांगता येत नाही. कारण कळेपर्यंत मेलेले मासे खाऊ नका आणि कोंबड्या-मांजरांनाही घालू नका.